हेल्मेटखालची रोझमेरी

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

आज सुट्टी. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्या रविवारी राबतात आणि गुरुवारी झोपतात.

दुपारी आईला फोन आला. आई फोन स्पीकरवर टाकूनच बोलते, कारण तिचे हात कधी मोकळे नसतात. आज हातात मेथी होती. पलीकडून औंधच्या स्थळाकडच्या त्या बाई म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे हो. नोकरी चांगली, स्वभावही शांत वाटला. पण फोटोत हेल्मेट होतं ना, त्यामुळे आधी अंदाज आला नाही."

मी समोर सोफ्यावरच बसलो होतो. आईने माझ्याकडे न बघता स्पीकर बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तो फोटो गेल्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहातला. हिरवं हेल्मेट, छातीवर बिल्ला, मागे कंपनीचा फलक. माझा आजवरचा सर्वांत चांगला फोटो. चाकणला गाड्यांच्या सीटच्या लोखंडी फ्रेमा बनवणाऱ्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. वय चौतीस. माझ्या कामाचं स्वरूप असं, की मी आलो की लोक हेल्मेट घालतात आणि गेलो की काढतात. माझं स्वतःचं मात्र कायम डोक्यावर असतं. काढल्यावर काय दिसतं ते इथे स्पष्ट लिहितो, कारण आमच्या धंद्यात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं मानतात. कपाळ जिथे संपायला हवं तिथे संपत नाही. मागे टाळूवर बशीएवढी मोकळी जागा आहे. या दोन्हींच्या मध्ये केसांचा एक पूल उरलाय.

हा तिसरा नकार. आई म्हणाली, "जाऊ दे, त्यांच्याकडचा चहाही पांचट होता."

संध्याकाळी मोबाइलवर रोझमेरीच्या पाण्याचा व्हिडिओ आला. एका माणसाचा आधीचा फोटो आणि तीन महिन्यांनंतरचा. तीनदा पाहिला. म्हणून ही वही सुरू करतोय. आधीची नोंद असायलाच हवी, नाहीतर नंतरची कशाशी ताडून बघणार?

शनिवार, ८ फेब्रुवारी

कंपनीच्या बसमधून उतरून थेट सर्व्हिस रोडवरच्या अर्जुनरावांच्या नर्सरीत गेलो. पुनावळ्यात आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्याच भावकीची होती. आता उरलेल्या पाच गुंठ्यांत ते आम्हा फ्लॅटवाल्यांना बाल्कनीपुरती माती विकतात.

"रोझमेरी आहे का?"

"हाय की. रोज मागत्यात लोक. समदं गाव टकलं व्हाया लागलंय जणू." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला न्हाई म्हनत, सायेब."

झुडूप हातभर उंच. पानं सुईसारखी, मागून पांढुरकी. चोळली की कापूर आणि निलगिरीच्या मधला वास येतो. टोकाला दोन फिकट निळी फुलं होती. पाणी किती घालू, विचारलं.

"लई नगा. कोरड्या मुलखातलं झाड हाय ह्ये. लाड केलं की मरतंय."

घरी कुंडी ठेवल्या ठेवल्या आईने चष्मा लावला. ती तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवायची. "भूमध्य सागरी प्रदेश," ती म्हणाली. "उन्हाळा उष्ण व कोरडा, हिवाळा सौम्य व पावसाळी. इटली, स्पेन, ग्रीस. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, पण तिकडचं काही कधी हाताला लागलं नव्हतं." मग पान चोळून हुंगत बराच वेळ बाल्कनीत उभी राहिली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मूठभर फांद्या, दोन भांडी पाणी, मंद आच, पंधरा मिनिटं. गाळून, थंड करून स्प्रेच्या बाटलीत भरलं. सकाळ-संध्याकाळ टाळूवर फवारणी सुरू.

आईने कुठेतरी वाचलं की रोझमेरी स्मरणशक्तीला चांगली. ग्रीक विद्यार्थी म्हणे परीक्षेच्या दिवसांत केसांत खोवायचे. आईला अलीकडे माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. काल तिने अर्जुनरावांना यशवंतराव म्हटलं आणि रात्रभर त्याचा चटका लावून घेतला. आता तीही स्वतःसाठी वेगळा काढा उकळते. माझ्यापेक्षा बराच कडक. दिवसाला दोन कप. मी म्हटलं, घे. झाडपाला आहे, त्याने काय होणार?

पूल अजून तेवढाच.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पाण्याने काही होत नाहीसं दिसतं. एक आठवडा हा कमी काळ आहे हे मला कळतं, पण औंधनंतर निगडीचं एक स्थळ येऊ घातलंय. ऑनलाइन शुद्ध अर्क मागवला. काळी, अंगठ्याएवढी बाटली. पाण्याला तीन महिने लागत असतील तर अर्काला तीन आठवडे लागतील. साधं त्रैराशिक आहे. आज झोपण्याआधी दहा थेंब थेट टाळूवर चोळणार. उद्या सकाळी पुन्हा दहा.

आईच्या दंडावर निळा डाग दिसला. म्हणते, ओट्याचा कोपरा लागला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

सकाळी अकरापर्यंत हेल्मेटच्या आत कोणी शेगडी पेटवून ठेवलीय असं वाटायला लागलं. बाराला राहवेना. कंपनीच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्स म्हणजे सिस्टर अबोली. परभणीकडच्या. कंपनीत येऊन आठ महिने झाले असतील. नाव ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकलेला आहे.

"डोकं दुखतंय. गोळी द्या," मी म्हणालो.

"हेल्मेट काढा, सर."

"त्याची गरज नाही."

"काढा म्हणते ना."

काढलं. त्यांनी वाकून पाहिलं. हसल्या नाहीत, हे त्यांचं मी मान्य करतो. "काय लावलंत?"

"काही नाही."

"काही नाहीचा वास लई झणझणीत यायलाय."

मग सांगावं लागलं. गार पाण्याने त्यांनी टाळू धुतली, मलम लावलं आणि तेवढा वेळ त्या बोलत राहिल्या. "असा अर्क कधी नुसता लावतात का? कातडी भाजते त्यानं. चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब, बस. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. बाटलीवर लिहिलं नव्हतं?"

"लिहिलं होतं. अक्षर बारीक होतं."

"थिनरच्या डब्यावरचं वाचत नाही म्हणून तुम्हीच मागच्या महिन्यात वेल्डरला झापलं होतं की."

मी विषय बदलला. "केस तरी येतात का?" मी विचारलं.

"थोडंफार होतं म्हणतात कुणाकुणाला. लहानसहान तपासण्या झाल्यात, सहा-सहा महिने लावून. गेलेलं सगळं परत यायला ते काय भिशीचे पैसे आहेत?" मग एकदम थांबून म्हणाल्या, "घरात कुणी पोटात घेतंय का हे?"

"अर्क नाही. आई पानांचा काढा घेते. दोन कप."

"आईंना गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

बीपीची, आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास झाल्यापासून रक्त पातळ ठेवायची, असं मी सांगितलं. त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. "अंगावर कुठं निळं पडलंय का?"

मी हो म्हणालो.

"नंबर द्या त्यांचा. आत्ता."

भाजीत चार पानं पडली तर कुणाला काही होत नाही, पण असा कडक काढा रोज, आणि वरून रक्त पातळ करायची गोळी, हे बरं नव्हे, असं त्या फोनवर आईला सांगत होत्या. गरोदर बायकांनी आणि फिट येणाऱ्यांनीही तो घ्यायचा नसतो म्हणे. आई वीस मिनिटं बोलली. गोळीचं नाव सांगायला वीस मिनिटं का लागली कळलं नाही. मी हाफ डे टाकून घरी आलो आणि आईला तिच्या डॉक्टरांकडे नेलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. आईचं रक्त हवं त्याहून पातळ झालं होतं. डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला, चार दिवसांनी पुन्हा तपासणी. "वेळेवर आलात," असं ते म्हणाले. ते मी ऐकलं आणि नंतर पार्किंगमध्ये पाच मिनिटं गाडी सुरूच करता आली नाही. आई म्हणाली, "किल्ली उलटी घालतोयस." घातली होती खरी.

झाडपाला आहे, त्याने काय होणार, असं मी या वहीत वरती लिहिलंय. खोडणार नाही. राहू दे.

आई सिस्टरना आता रोज फोन करते. गोळीसंबंधी असावं. काल चाळीस मिनिटं.

मंगळवार, ४ मार्च

सुरक्षा दिन. सकाळी गेटपाशी दोनशे माणसांना शपथ दिली. "मी शपथ घेतो की" असं मी म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "मी शपथ घेतो की नाही" असं म्हटलं. दरवर्षी म्हणतात.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बुद्धरत्न समोर येऊन बसले. असेंब्ली लाइनचे सुपरवायझर, काळेवाडीला राहतात, कारखान्यात वीस वर्षं. डोकं पूर्ण गुळगुळीत आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नाही. ताटातली मिरची बाजूला काढत म्हणाले, "साहेब, महिनाभर वास यायलाय. टाळूवर शेती करताय का?"

नाही म्हणणार होतो. पण सकाळच्या शपथेचा परिणाम असेल, खरं सांगून टाकलं. हेल्मेटच्या फोटोपासून सगळं. दहा थेंबांपर्यंत आलो तेव्हा बुद्धरत्नांच्या नाकातून ताक आलं. शेजारच्या टेबलावरचे वेल्डर खुर्च्या ओढून जवळ आले. एकाने विचारलं, "मग उगवलं का काही?" मी वाकून दाखवलं. तिघांनी टॉर्च लावून पाहणी केली. निकाल विभागून आला.

गुरुवार, २० मार्च

चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, आठवड्यातून तीनदा. आता शिस्तीत चाललंय. पुलाच्या डाव्या बाजूला दाटपणा वाढलाय असं माझं ठाम मत आहे. आईचं मत वेगळं आहे.

परिणाम मात्र दिसतोय. लोक माझ्याशी बोलायला लागलेत. पूर्वी मी शॉपवर, म्हणजे यंत्रांच्या भागात, पाऊल टाकलं की बोलणं बंद व्हायचं. आता "काय साहेब, पीकपाणी?" म्हणून हाक मारतात. परवा वेल्डिंगवाल्या एकाने हाताला धरून नेलं आणि पॅनेलमागची सोललेली वायर दाखवली. म्हणाला, दोन महिने तशीच आहे. आधी का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, "आधी तुम्ही चेकलिस्ट वाटायचा." याचा अर्थ लागला नाही. केसांनी माणसाचं व्यक्तिमत्त्व बदलतं हे मात्र खरं असलं पाहिजे.

भाजलेली जागा बरी झालीय, तरी सिस्टर दर शुक्रवारी तपासायला बोलावतात. एवढ्याशा भाजण्याला चार वेळा तपासणी लागते हे मला ठाऊक नव्हतं. नवीन नियम असतील.

कुंडीतलं झाड निम्मं पिवळं पडलंय. आई त्याला रोज दोन वेळा पाणी घालते. इतक्या लांबून आलंय, म्हणते.

बुधवार, ९ एप्रिल

फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी, चालवणारे चिमाजी सुट्टी झाल्यावर बसपाशी भेटले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. सव्वीस मेला मुलीचं लग्न आहे. म्हणाले, "व्याही केसाळ हाय, साहेब. शेजारी उभा ऱ्हायचं फोटोला. जरा बरं दिसंल असं काय हाय का तुमच्याकडं?"

मला फार बरं वाटलं. कारखान्यातल्या माणसाने माझ्याकडे आपण होऊन काही मागायची ही पहिलीच वेळ. माझ्या बाटलीतला निम्मा अर्क बॅगेतल्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिला. खोबरेल तेलात दोन-तीन थेंब, म्हणून सांगितलं. बस हॉर्न देत होती. ते "व्हय व्हय" म्हणत पळाले. बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची राहिली. उद्या सुट्टी. शुक्रवारी लावू.

शनिवार, १२ एप्रिल

काल शुक्रवारी ऑडिट होतं. चिठ्ठी राहिली.

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी चिमाजींचा फोर्कलिफ्ट तीन नंबरच्या रॅकला धडकला. रॅक कलला आणि वरचे फ्रेमचे दोन गठ्ठे खाली आले. खाली बुद्धरत्न उभे होते. त्यांनी बाजूला उडी मारली. गठ्ठे पडले तिथे आणि बुद्धरत्नांत जेमतेम हातभर अंतर होतं. मी नंतर टेप लावून मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

बुद्धरत्नांचा घोटा मुरगळला. बाकी कुणाला काही नाही.

चिमाजी खाली उतरले तेव्हा दोन्ही डोळे मिटलेले, लालभडक, पाणी वाहतंय. अबोली सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी डोळे धुवायच्या नळाखाली त्यांना वाकवलं. मी जवळ गेलो आणि तो वास आला. चिमाजींनी सिस्टरना सांगितलं, सकाळी निघताना अर्धी बाटली डोक्यावर ओतली. छताचा पत्रा तापलेला, हेल्मेटखाली घाम, आणि सगळं ओघळून डोळ्यांत.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्या गप्प आहेत हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

जबाब मीच घ्यायचा असतो. चिमाजी म्हणाले, "घाम गेला डोळ्यात. लिवा तसं."

"बाटली कुणी दिली?" मी विचारलं. हा प्रश्न विचारताना माझा आवाज ऑफिसचाच होता, याची मला आता शरम वाटते.

"कसली बाटली, साहेब?" ते म्हणाले. डोळ्यांवर ओला कापूस होता, तरी मान माझ्याकडे वळवून म्हणाले.

सोमवार, १४ एप्रिल

बुद्धरत्नांना बघायला काळेवाडीला गेलो. आज जयंती. गल्लीत निळ्या पताका, चौकात स्पीकर, सगळे मिरवणुकीच्या तयारीत. ते पांढरा सदरा-लेंगा घालून दारात खुर्चीवर बसले होते. पाय स्टुलावर, घोटा दुधीएवढा.

"वीस वर्षांत पहिल्यांदा घरी," ते म्हणाले. "मंडळाचा झेंडा मीच धरतो. आज दुसऱ्याला दिला."

त्यांच्या पत्नीने खीर दिली. मी वाटी हातात धरून बसलो. मग सांगितलं, बाटली मी दिली होती म्हणून.

"ठाऊक आहे," बुद्धरत्न म्हणाले. "सगळ्या शॉपला ठाऊक आहे. कुणी बोलणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

काळजी करू नका हे ऐकून मला रडू येईल असं वाटलं, म्हणून घाईघाईने खीर संपवली आणि जीभ भाजली. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा पोरांनी खुर्चीसकट त्यांना उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं. खुर्चीचा मागचा एक पाय मी धरला होता. अशी उचल मुळीच सुरक्षित नव्हती.

मंगळवार, १५ एप्रिल

प्लांट हेड नंदकिशोर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "कारण सरळ आहे. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. चिमाजीला पंधरा दिवस घरी बसवू, रॅक सरळ करू, फाइल बंद. संध्याकाळपर्यंत तुमची सही द्या."

बरं म्हणालो आणि बाहेर आलो. तीन तास तो कागद समोर ठेवून बसलो. खरं तेच लिहितो: निम्मा वेळ मी वाक्य कसं फिरवता येईल ते बघत होतो. "बाह्य स्वरूपाचे तेलकट द्रव्य." "अज्ञात स्रोतातून." "अज्ञात स्रोत" हे लिहून झालंही होतं.

चारला सिस्टर चिमाजींचा वैद्यकीय कागद द्यायला आल्या. डोळे ठीक आहेत, म्हणाल्या. मग माझ्या स्क्रीनकडे पाहून विचारलं, "काय करायलाव?"

"शब्द शोधतोय."

"बाटली कुणी दिली, हे विचारलंय का त्यात?"

"विचारलंय. रकाना आहे तसा."

"मग त्यात नाव लिहितात," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

लिहिलं. अर्क कुणी दिला: क्षितिज आंबेकर, सेफ्टी ऑफिसर. बाटलीवर चिठ्ठी होती का: नाही. धोक्याची पूर्वकल्पना होती का: होती, स्वतःची टाळू भाजल्यामुळे. सही केली, सरांच्या टेबलावर ठेवलं आणि बसमध्ये येऊन बसलो. बस सुटायला पाऊण तास होता.

आईला सांगितलं. नोकरी जाऊ शकते, म्हटलं. तिने विचारलं, "जेवणार आहेस ना?" जेवलो.

शुक्रवार, १८ एप्रिल

नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, आणि या वर्षीचं प्रमोशन गेलं. नंदकिशोर सर म्हणाले, "पंचवीस वर्षांत अपघाताच्या चौकशीत चौकशी करणाराच आरोपी निघाला, असं पहिल्यांदा पाहतोय." रागावले होते, पण कागद दोनदा वाचलेला दिसत होता. चिमाजींना घरी बसवलेलं नाही.

शिक्षेचा आणखी एक भाग म्हणजे दोन्ही शिफ्टपुढे मी स्वतः घडलेलं सांगायचं. गेटपाशी उभा राहिलो. रोज ज्यांना मी सांगतो ते दोनशे जण. हेल्मेट काढून हातात घेतलं आणि बोललो. बाटली, चिठ्ठी, रॅक, हातभर अंतर. आईचा काढाही सांगितला. झाडाची चीज म्हणून निर्धास्त राहू नका, औषध असेल तर त्याला मात्रा असते आणि मात्रा असेल तर ती बाटलीवर लिहायची असते, असं काहीसं म्हणालो. ऐकताना कुणी हसलं नाही. अपेक्षा होती हसतील अशी.

संपल्यावर चिमाजी पुढे आले. "साहेब, फोटोला मी फेटाच बांधतो. व्याह्यालाबी बांधायला लावतो. मिटलं." तेव्हा मात्र सगळे हसले, मीही.

दुपारपर्यंत चार जण केबिनमध्ये आले. एकाने आपल्या मशीनचा सेफ्टी सेन्सर स्वतः चिकटपट्टीने बंद केला होता, ते सांगायला. दुसरा ग्राइंडरवर चष्मा लावत नाही, ते सांगायला. "तुम्ही सांगितलं, म्हटलं आपणही सांगावं." रोझमेरी आणि याचा काय संबंध असेल याचा मी विचार करतोय.

सिस्टरनी संध्याकाळी विचारलं, येत्या गुरुवारी वेळ आहे का. त्यांना खोली बदलायची आहे. काळेवाडीत एक बघितलीय, पण जागा सुरक्षित आहे की नाही ते तुम्ही सांगा, म्हणाल्या. माझ्या मताला किंमत देतात हे पाहून बरं वाटलं. टेप आणि जिन्यांची चेकलिस्ट घेऊन जाणार.

गुरुवार, २४ एप्रिल

तीनला काळेवाडीत पोचलो. अबोली आधीच रस्त्यावर उभ्या होत्या. युनिफॉर्म नसल्यामुळे मी पहिल्यांदा त्यांच्यापुढून निघून गेलो. मग त्यांनी हाक मारली, "सर" न म्हणता, नावाने. गर्दी होती, चटकन ऐकू यावं म्हणून असेल.

घरमालकीण शालनबाई, साठीच्या, खालच्या मजल्यावर किराणा दुकान. खोली दुसऱ्या मजल्यावर. मी पद्धतशीर पाहणी केली. जिन्याला एका बाजूने कठडा नाही. मीटरच्या पेटीला झाकण नाही. सिलिंडर खिडकीपासून लांब. शालनबाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मी आत खिडकीची जाळी मोजत असताना त्यांनी अबोलींना विचारलं, "नवराबायको का तुमी?"

"अजून नाही," अबोली म्हणाल्या.

मी जाळीचं माप सांगितलं. आग लागली तर इथून बाहेर पडायला वाट नाही, हेही सांगितलं.

खाली रसवंतीत आम्ही रस घेतला. त्यांनी विचारलं, "एकंदरीत कशी वाटली?"

"एकाला ठीक आहे. दोघांना लहान पडेल."

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत बसल्या. मी हवा खेळती राहण्याबद्दल थोडं समजावून सांगितलं. साडेचारला त्यांना रिक्षात बसवलं.

शालनबाईंच्या जिन्यासाठी कठड्याचे भाव विचारत हिंडलो. साडेसातला घरी आलो तर आई दारातच. "मग? काय म्हणाली?"

मी तिला क्रमाने सगळं सांगितलं. कठडा, मीटरची पेटी, सिलिंडर, जाळी. शालनबाईंनी काय विचारलं ते. त्यावर अबोली काय म्हणाल्या ते. आणि तिथे मी थांबलो.

आईने गॅस बंद केला. "काय म्हणाली? पुन्हा सांग."

"अजून नाही, म्हणाली."

"आणि तू?"

"मी जाळीचं माप सांगितलं."

आई खुर्चीत बसली. तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडतेय असं वाटून मी घाबरलो. रडत नव्हती. हसू आवरल्यावर ती म्हणाली, "अरे, महिनाभर ती पोरगी रोज मला विचारतेय, यांना कळतं तरी का काही? आणि मी तिला सांगतेय, थांब, लेखी लागतं त्याला."

आठ वाजले होते. बाल्कनीत गेलो आणि फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"साडेतीन तास लागले कळायला," अबोली म्हणाली. "मी रविवार उजाडेल असं धरून चालले होते."